डेकवरचा बर्फ: अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांत हिवाळ्यात माल कसा हलतो

दर जानेवारीत एखादा तरी व्हिडिओ फिरतोच. मिनेसोटातल्या डुलुथ बंदराच्या अरुंद कालव्यातून एक अजस्र जहाज आत येत असतं. त्याचं नाक, नांगर, कठडे, डेकवरच्या विंच (दोर ओढणारी यंत्रं), सगळं पांढऱ्या बर्फाच्या जाड थराखाली गेलेलं असतं. खाली लोकांचे प्रश्नही ठरलेले: हे बुडत कसं नाही? आतला माल बाहेर कसा काढणार? आणि एवढ्या थंडीत जहाज चालवायची गरजच काय? त्याच सुमारास बातमी येते, की 15 जानेवारीच्या रात्री सू लॉक, म्हणजे जहाजांना एका सरोवरातून दुसऱ्यात चढवणारे-उतरवणारे पाण्याचे हौद, बंद होणार. मग आणखी एक प्रश्न: इतके दिवस चालवलीत, तर आताच बंद का?

या सगळ्यात लक्ष जातं ते सरोवरावर पसरलेल्या बर्फाकडे. तो डोळ्यांत भरतो आणि तो फोडायला आइसब्रेकर असतात. पण जहाजावर काम करणाऱ्यांचा हिवाळा जातो तो थोड्या-थोड्या पाण्याशी झगडण्यात. मालात मुरलेली ओल, हॅचच्या, म्हणजे कोठाराच्या तोंडाच्या, कडेला साचलेलं पाणी, टाक्यांच्या भिंतींना धरलेला बर्फ, तारेच्या दोरावर गोठलेला फवारा. हे पाणी कुठे-कुठे शिरतं आणि माणसं त्याचं काय करतात, हे कळलं की वरच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मिळतात.

आधी नकाशा

सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो ही पाच महासरोवरं. त्यांतलं सुपीरियर सर्वात मोठं, सुमारे 82,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. त्याच्या काठाशी, मिनेसोटा आणि मिशिगनमध्ये, लोहखनिजाच्या खाणी आहेत. ते खनिज वितळवणारे पोलाद कारखाने मात्र खाली दक्षिणेला, मिशिगन आणि ईरी सरोवरांच्या काठी: गॅरी, क्लीव्हलँड, डेट्रॉइटच्या परिसरात. दोहोंना जोडणारी वाट म्हणजे सरोवरं आणि त्यांच्यामधल्या नद्या. या वाटेवर चालणाऱ्या लांबट, सपाट मालवाहू जहाजांना तिथे 'लेकर' म्हणतात.

सुपीरियरचं पाणी ह्युरॉनपेक्षा सुमारे साडेसहा मीटर उंच आहे. सेंट मेरीज नदीवर सू सेंट मरी इथे असलेली 'लॉक', म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले प्रचंड हौद, पाणी भरून किंवा सोडून जहाजाला ही पायरी चढवतात-उतरवतात. सर्वात मोठी लेकर जहाजं साधारण 1,000 फूट, म्हणजे 305 मीटर लांब. 'पॉल आर. ट्रेगर्था' हे 1981 साली पाण्यात उतरलेलं जहाज त्यांत सर्वांत लांब, जवळपास 309 मीटर. अशी तेरा जहाजं बांधली गेली आणि ती मावतात फक्त एका लॉकमध्ये, पो लॉकमध्ये. लॉकची रुंदी 110 फूट, जहाजाची 105. दोन्ही बाजूंना उरते जेमतेम पाऊण मीटर जागा. हिवाळ्यात ही फट महत्त्वाची ठरते, ते पुढे येईलच.

माल कोणता आणि तो थंडीत कसा वागतो

लेकरवरचा मुख्य माल म्हणजे टॅकोनाइटच्या गोळ्या. टॅकोनाइट हा कमी लोखंड असलेला कठीण खडक. तो दळून, चुंबकाने त्यातलं लोखंड वेगळं काढून, थोडी बेंटोनाइट माती मिसळून गोट्यांएवढ्या गोळ्या वळतात आणि भट्टीत भाजतात. त्यांत साधारण 65 टक्के लोखंड असतं. या गोळ्यांनी हिवाळी वाहतुकीचं गणितच बदललं. पूर्वीचं नैसर्गिक खनिज मातीसारखं ओलसर असायचं. ते रेल्वेच्या वाघिणीतच गोठून बसे आणि वाफ सोडून मोकळं करावं लागे. त्यामुळे तो हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीलाच आटोपत असे. भाजलेल्या गोळ्या त्यामानाने कोरड्या आणि सुट्या. म्हणून जानेवारीपर्यंत काम ताणता येतं.

पण कोरड्या म्हणजे पूर्ण कोरड्या नाहीत. महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेल्या ढिगावर पाऊस पडतो, बर्फ पडतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओल धरून एकसंध दगड होतं, तसं या गोळ्यांचं उणे वीस अंशांत होतं. फरक इतकाच, की इथे बरणी साठ हजार टनांची असते.

चुनखडीचा दगड धुऊन पाठवतात, तो ओलाच असतो. म्हणून थंडी वाढली की दगडाची वाहतूक आधी थांबते. कोळसाही ओल धरतो, त्यामुळे वाघिणींत भरताना त्यावर गोठण रोखणारं रसायन फवारण्याची पद्धत आहे. रस्त्यांवर टाकायचं मीठ मात्र ऐन हिवाळ्यातच हवं असतं. ओंटारियोतल्या गॉडरिच गावची, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली गेलेली मिठाची खाण ही जगातली सर्वात मोठी भूमिगत मीठखाण मानली जाते. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत तिथल्या धक्क्याला जहाजं लागलेली दिसतात.

भरताना: झाकणं उघडायची आणि पाणी उपसायचं

लेकरच्या डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने आडव्या हॅच असतात, म्हणजे खालच्या कोठारांची तोंडं. जुन्या खनिज धक्क्यांवरच्या घसरगुंड्या बारा फुटांच्या अंतराने होत्या. त्या हिशोबाने हॅचही चोवीस-चोवीस फुटांवर ठेवल्या गेल्या. प्रत्येक हॅचवर एकाच पोलादी पत्र्याचं, कित्येक टनांचं झाकण. ते उचलायला डेकवर रुळांवरून पुढे-मागे धावणारी एक कमान असते. खलाशी तिला 'आयर्न डेकहँड' म्हणतात.

उन्हाळ्यात हे काम सरळ आहे: झाकण घट्ट धरून ठेवणारे क्लॅम्प सोडा, कमान आणा, झाकण उचला, शेजारी ठेवा. हिवाळ्यात प्रवासभर उडालेला फवारा क्लॅम्पवर आणि झाकणाच्या कडेवर गोठलेला असतो. झाकण हॅचच्या चौकटीला चिकटून एकजीव झालेलं असतं. ते तसंच उचलायला गेलं तर झाकण वाकतं किंवा कमानीवर ताण येतो. म्हणून डेकहँड, म्हणजे डेकवर काम करणारे खलाशी, आधी घण आणि लाकडी हातोडे घेऊन कडा मोकळ्या करतात, जिथे सोय असते तिथे वाफेची नळी लावतात. झाकणावर साठलेला बर्फही आधी फावड्याने काढावा लागतो. आळस केला आणि तो आत सांडला, तर चार दिवसांनी माल उतरवताना तोच बर्फ गोळ्यांना चिकटवून बसलेला पुन्हा भेटतो.

त्याच वेळी खाली दुसरं काम चालू असतं. रिकामं जहाज पाण्यावर फार उंच तरंगतं, वाऱ्याने भरकटतं. त्याला खाली दाबून ठेवायला बाजूच्या आणि तळाच्या टाक्यांत सरोवराचंच पाणी भरतात. हे बॅलास्ट. माल चढत जातो तसं ते पाणी बाहेर उपसत जायचं. आता कल्पना करा, टाकीची बाहेरची भिंत म्हणजे जहाजाची कड आणि बाहेर उणे वीस अंश. भिंतीलगतचं पाणी गोठतं. पंप मधलं पाणी उपसतो, पण भिंतीवरचा बर्फ तिथेच राहतो. मग तो पाण्याचा आधार सुटल्यावर कोसळतो आणि आतल्या शिड्या, पाइप मोडतो. अर्धवट गोठलेला लगदा पंपाच्या तोंडाशी अडकतो. आणि टाकीत उरलेला प्रत्येक टन बर्फ म्हणजे एक टन माल कमी.

सर्वात धोक्याची गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक आहे. प्रत्येक टाकीला डेकवर हवा येण्या-जाण्यासाठी एक नळी असते. तिचं तोंड बर्फाने बंद झालं आणि कोणी न बघता पंप सुरू केला, तर टाकीत हवा शिरत नाही, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या दाबाने पोलादी पत्रा आत ओढला जातो. म्हणून पंप सुरू करण्याआधी त्या प्रत्येक नळीचं तोंड कोणीतरी चालत जाऊन, हाताने तपासायचं. रात्री, वाऱ्यात, बर्फावरून. हे काम व्हिडिओत येत नाही आणि जहाज धड राहण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

हिवाळ्यात माल कमी का भरतात?

जहाज पाण्यात किती खोल बुडू द्यायचं याच्या रेषा कायद्याने ठरलेल्या असतात आणि त्या ऋतूनुसार बदलतात. महासरोवरांत 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी रेषा लागू असते, म्हणजे कमी भार आणि लाटांपासून डेक जास्त उंच. हजार फुटी जहाजात एका इंचाच्या फरकाला सुमारे 270 टन माल येतो-जातो. काही इंच कमी म्हणजे प्रत्येक फेरीत हजारभर टनांवर पाणी सोडणं. कंपन्यांना ते टोचतं, पण नोव्हेंबरचा इतिहास बघितला की ही रेषा कोणाला अतिरेकी वाटू नये. 1913 च्या नोव्हेंबरमधल्या एका वादळात या सरोवरांत अडीचशेहून जास्त माणसं गेली. 1966 साली 29 नोव्हेंबरला 'डॅनियल जे. मॉरेल' हे जुनं जहाज ह्युरॉनमध्ये दोन तुकडे होऊन बुडालं. त्याचं पोलाद ज्या काळातलं होतं, ते थंडीत ठिसूळ होई. 28 जण मेले, एकच वाचला.

एवढे क्लॅम्प लावायचे कशाला?

'एडमंड फिट्झगेराल्ड'चं नाव अनेकांनी ऐकलं असेल. 729 फुटी जहाज, 26,116 टन टॅकोनाइट भरून 9 नोव्हेंबर 1975 ला विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर नावाच्या बंदरातून निघालं आणि दुसऱ्या दिवशी वादळात सुपीरियर सरोवराच्या तळाशी गेलं. सगळे 29 जण गेले. त्यावर 21 हॅच होत्या आणि प्रत्येक झाकणाला 68 क्लॅम्प, म्हणजे एकूण 1,428. प्रत्येक क्लॅम्प हाताने लावायचा.

अमेरिकी कोस्ट गार्डच्या चौकशीचा निष्कर्ष असा, की हॅच पुरेशा घट्ट बंद नव्हत्या आणि त्यांतून पाणी कोठारात शिरत गेलं असावं. जहाजमालकांच्या संघटनेला ते मान्य झालं नाही. त्यांच्या मते जहाज वाटेतल्या उथळ खडकाळ भागाला घासलं. तो वाद मिटलेला नाही. तरी क्लॅम्पबद्दल एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हवामान शांत असताना सगळे क्लॅम्प लावायचा कंटाळा येणं मानवी आहे, आणि थंडीत तर बर्फ धरलेला प्रत्येक क्लॅम्प लावायला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे ज्या महिन्यांत घट्ट बंद हॅच सर्वात जास्त लागते, त्याच महिन्यांत ती बंद करणं सर्वात अवघड असतं. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हा वेळ धरलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. डेकहँडच्या घाईवर तो भार टाकणं योग्य नाही.

उतरवताना

बहुतेक लेकर स्वतःच माल उतरवतात, धक्क्यावर क्रेन लागत नाही. कोठाराचा तळ नसराळ्यासारखा उतरता असतो, त्याच्या तोंडाशी झडपा आणि खाली जहाजाच्या पूर्ण लांबीचा पट्टा. झडप उघडली की गोळ्या पट्ट्यावर पडतात, पट्टा त्यांना वर आणतो आणि डेकवरचा 250 फुटी बूम, म्हणजे फिरवता येणारा लांब हात, त्या किनाऱ्यावर ओततो. मोठी जहाजं तासाला दहा हजार टनांपर्यंत माल काढू शकतात.

थंडीत हा वेग कोसळतो. माल उतारावरच गोठून थांबतो, झडपेवर कमानीसारखा अडकून बसतो. खालून झडप उघडी, वरून कोठार भरलेलं, आणि पट्टा रिकामा. मग उतारांवरचे व्हायब्रेटर चालवायचे, झडपेपाशी उभं राहून लांब सळ्यांनी टोचायचं, पत्र्यावर घण मारायचे. इथे एक सक्त नियम पाळावा लागतो. अडकलेल्या मालावर वरून उतरायचं नाही, कारण खाली पोकळी झालेली असू शकते. मालाची ही कमान ढासळली तर माणूस मालासकट खाली जातो. पट्ट्याचंही तसंच. ओला पट्टा रोलरांवर गोठतो किंवा घसरतो, म्हणून धक्का येण्याआधीच तो रिकामा फिरवून मोकळा ठेवतात.

धक्क्याला लागताना

अनेक धक्क्यांवर दोर धरायला कोणी नसतं. मग लेकरवरची एक जुनी पद्धत वापरतात. डेकहँडला एका फळीवर बसवून, त्यासाठीच्या वेगळ्या, छोट्या बुमाच्या टोकाला टांगून बाहेर झुलवतात आणि धक्क्यावर उतरवतात. तो मग जहाजावरून आलेल्या तारा खुंटांना अडकवत चालत जातो. लेकर बांधायला पोलादी तारेचे दोर असतात. गोठलेली तार ताठ होते, ड्रमवर बर्फात रुतते, आणि तिचा सुटा धागा हातमोज्यातून बोटात घुसतो. धक्क्यावरचा बर्फ काढलेला नसतो, खुंट त्याखाली असतो.

पाण्यात पडलात तर काय? थंड पाण्याचा 1-10-1 हा हिशोब तिथे शिकवतात: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग साधारण 10 मिनिटं हात-पाय कामाचे, आणि सुमारे 1 तासात शुद्ध जाण्याची वेळ. लाइफ जॅकेट आणि काठाजवळ कमरेला दोर का सक्तीचे, ते यावरून कळतं. जुन्या जहाजांत डेकच्या खाली दोन्ही बाजूंनी बोगदे ठेवले, तेही याचसाठी. वादळात माणसाने पुढून मागे जाताना उघड्या डेकवर यावंच लागू नये.

यंत्रांनी हे सगळं का होत नाही, असं विचारणं रास्त आहे. बरंच होतं: कमान यंत्र आहे, विंच यंत्र आहेत, बूम यंत्र आहे. पण ही यंत्रं बाहेर उघड्यावर आहेत आणि ती स्वतःच गोठतात. त्यांना मोकळं करणारा शेवटी माणूसच.

बर्फात अडकलं तर

त्यासाठी सरकारी जहाजं आहेत. अमेरिकी कोस्ट गार्डचं 'मॅकिनॉ' हे 2006 पासून सेवेत असलेलं 240 फुटी आइसब्रेकर, शिवाय 140 फुटी बर्फफोडे टग आणि कॅनडाची जहाजं मिळून सू परिसरात 'ऑपरेशन टॅकोनाइट' आणि डेट्रॉइटच्या बाजूला 'ऑपरेशन कोल शॉव्हल' चालवतात. अडकलेल्या जहाजाला सहसा ओढत नाहीत. त्याच्या शेजारून समांतर एक चीर पाडतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा दाब सुटतो आणि जहाज स्वतः निघतं.

लॉकमध्ये मात्र अडचण निराळी. जहाज आत शिरताना पुढचा बर्फ ढकलत आणतं. पाऊण मीटरच्या फटीतून तो मागे जाऊ शकत नाही, आणि तो आत असताना जहाज मावत नाही. मग जहाजाआधी नुसता बर्फ लॉकमध्ये घेऊन, दरवाजे लावून, पाणी सोडून खाली पाठवावा लागतो.

हल्ली बर्फ कमी, मग वर्षभर का नाही?

हा आक्षेप आता वारंवार येतो. प्रयोग झालेला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकी सरकारने हंगाम वाढवून पाहिला आणि 1974-75 मध्ये सू लॉक प्रथमच वर्षभर चालू राहिली. तांत्रिकदृष्ट्या जमलं. पण नदीचे काठ खचण्याची, माशांच्या अंड्यांना धक्का लागण्याची काळजी पुढे आली. शिवाय सेंट मेरीज नदीतल्या बेटांवर माणसं राहतात. जहाजांनी फोडलेला बर्फ त्यांच्या फेरीबोटीची वाट अडवतो.

दुसरं कारण अगदी व्यवहारी. लॉकना दुरुस्ती लागते. 15 जानेवारी ते 25 मार्च हे साधारण दहा आठवडे त्यांचे हौद कोरडे करून काम करण्याचे. मोठ्या जहाजांना पर्यायी लॉक नसल्यामुळे, शेजारी नवं बांधलं जातंय ते पूर्ण होईपर्यंत तरी ही सुट्टी टाळता येणार नाही.

आणि तिसरं असं, की सरोवरावर बर्फ कमी म्हणजे डेकवरही कमी, हे खरं नाही. बर्फाचं आवरण लाटा दाबून ठेवतं. उघड्या पाण्यावर वारा लाटा उठवतो, फवारा उडतो आणि शून्याखालच्या पोलादावर पडताच गोठतो. ते व्हायरल व्हिडिओ बहुधा उघड्या पाण्यातून आलेल्या जहाजांचे असतात.

मग लॉक बंद असताना सगळा माल रेल्वेने का नेत नाहीत? थोडक्यात सांगतो. शंभर वाघिणींची गाडी साधारण दहा हजार टन नेते. एका मोठ्या लेकरसाठी अशा सहा-सात गाड्या हव्यात. झोतभट्टी दिवा मालवावा तशी मालवता येत नाही, म्हणून कारखाने डिसेंबर-जानेवारीत दहा आठवड्यांचा साठा रचून ठेवतात. हंगामाच्या शेवटची धावपळ त्यासाठीच असते.

लेअप आणि मार्च

लॉक बंद झाली की जहाजं विस्कॉन्सिनमधलं स्टर्जन बे, डुलुथ, टोलेडो, सार्निया अशा ठिकाणी विसावतात. याला लेअप म्हणतात. पहिलं काम पाण्याचंच. पाइप, पंप, टाक्या, नळ, जिथे-जिथे थेंब राहू शकतो तिथून तो काढायचा, कारण गोठलेलं पाणी फुगतं आणि ओतीव लोखंड फोडतं. मग वेल्डर आणि फिटर चढतात. गोड्या पाण्यात गंज कमी, त्यामुळे इतकी निगा राखली तर ही जहाजं फार टिकतात. 1942 साली बांधलेलं 'अल्पीना' सिमेंट वाहत राहिलं आहे.

मार्चमध्ये जहाजं पुन्हा निघतात तेव्हा डेकवरचं काम जानेवारीपेक्षा सोपं होत जातं, पण सरोवराचा बर्फ तेव्हाच सर्वात जाड असतो. 2014 साली महासरोवरांच्या 92.5 टक्के पृष्ठभागावर बर्फ होता, आणि तो उच्चांक 6 मार्चला गाठला गेला. त्या वसंतात खनिजाची पहिली जहाजं गॅरीला पोचायला, एरवी तीनेक दिवसांचा प्रवास असताना, आठवड्याहून जास्त वेळ लागला. साठा संपत आल्याने तिथल्या कारखान्याला उत्पादन थांबवावं लागलं.